काचेची कार्ट्रिज घेताना: दाबायची टोपी की आट्यांची?

गेल्या महिन्यात ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. कोलोरॅडोत गांजाचा तेलासारखा अर्क वेप पेनच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे तापवून वाफ ओढायच्या छोट्या नळकांड्यात, भरणाऱ्या एका छोट्या परवानाधारक कंपनीत तो खरेदी बघतो. "दादा, काचेची घ्यायची एवढं नक्की झालंय. टोपीचं सांगा. दाबायची घेऊ की आट्यांची?" फोनवर अर्धा तास बोललो तरी सगळं सांगून झालं नाही, म्हणून लिहून काढतोय. भारतात २०१९ च्या कायद्याने अशा उपकरणांचं उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात सगळंच बंद आहे. त्यामुळे हे फक्त इथे कोलोरॅडोसारख्या ठिकाणी, कायद्याच्या चौकटीत या धंद्यात असलेल्यांसाठी.

बॅटरीला जोडायचे ५१० मापाचे आटे, अर्धा ग्रॅम की एक ग्रॅम, आत तेल शोषून तापवणारा सिरॅमिकचा गाभा हे दोन्हींत सारखंच असतं, ते सोडून देतो. काच बोरोसिलिकेट आहे ना, एवढं मात्र पुरवठादाराकडून लेखी घ्या. पूर्वी पेटत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की ती तडकायची. साधी काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळपास तिप्पट प्रसरण पावते, तिला असा धक्का सोसत नाही. गरम अर्क गार काचेत भरताना तुमच्यासमोर तोच प्रश्न असतो.

आता टोप्या. दाबायच्या टोपीचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. ट्रेमध्ये कार्ट्रिज लावल्या, टोप्या ठेवल्या, हाताच्या प्रेसचा दांडा ओढला की शंभर नग एका दमात बंद. एकदा बसलेली टोपी मोडल्याशिवाय निघत नाही, म्हणजे दुकानात कुणी उघडून आत काही मिसळलं ही भीती नाही. आमच्या भरणीच्या खोलीत दोन वर्षं हीच होती आणि पहिले काही महिने मी तिच्यावर खूश होतो.

मग ती केसाएवढी चीर सुरू झाली. टोपी दाबताना सगळा जोर मधल्या, वाफ वर येते त्या नळीवर जायला हवा, काचेवर नाही. पण नळीची उंची ठरलेल्या मापापेक्षा जराशी कमी निघाली की टोपीची कड आधी काचेवर टेकते आणि दाब तिथे पडतो. काच फुटत नाही, आवाजही येत नाही. शुक्रवारी संध्याकाळी बंद केलेले नग नितळ दिसायचे आणि सोमवारी सकाळी त्यातल्या काहींच्या अंगावर तेलाचा घाम आलेला असायचा. बोट फिरवलं की चिकट. भिंगाखाली धरल्यावर टोपीच्या कडेपासून खाली उतरलेली बारीक रेघ दिसायची. टोपी निघत नसल्याने आतलं तेल वाचवायची सोय नाही, आणि काचेला तडा गेलेल्या कार्ट्रिजमधलं तेल परत वापरायचं म्हटलं तरी माझं मन घेत नव्हतं. अख्खा नग टाकायचा. शंभरात तीन-चार, कधी एकही नाही, कधी एकाच खोक्यात आठ. त्याच दिवशी समजलं असतं तर दुरुस्ती करता आली असती. दोन दिवसांनी, पाकिटात भरून झाल्यावर समजायचं, आणि माझा त्रास तोच होता. प्रेसचा दाब कमी केला तर काही टोप्या अर्धवट बसायच्या, वाढवला तर चिरा. मधली जागा फार अरुंद.

आट्यांच्या टोपीत हा प्रकार जवळजवळ थांबला. आटा फिरवताना जोर हळूहळू येतो आणि बोटाला कळतो. दुसराही एक फायदा मला हाताळताना जाणवला. दाबायची टोपी झटक्यात खाली जाते, आतली हवा कोंडून तेलाला गाभ्यात ढकलते, आणि पुढची गळती तिथूनच सुरू होते. आटे फिरवताना रबरी रिंग टेकेपर्यंत हवेला निसटायला वेळ मिळतो. कोंडलेली हवा राहते, पण कमी.

हे पडताळायला मी केलेला प्रयोग सांगतो. त्याला शास्त्रीय चाचणी म्हणू नका. दोन्ही प्रकारच्या वीस-वीस कार्ट्रिज घेतल्या. अर्क परवान्याच्या जागेबाहेर असा फिरवता येत नाही, म्हणून आत एरंडेल भरलं. ते शुद्ध केलेल्या घट्ट अर्कापेक्षा पुष्कळ पातळ आहे, म्हणजे गळतीच्या बाबतीत परीक्षा जास्त कडक. सगळ्या टिशूवर उभ्या करून डब्यात ठेवल्या आणि गाडीने डेन्व्हरहून लव्हलँड खिंडीत गेलो. डेन्व्हर साधारण १,६०० मीटरवर, खिंड ३,६५५ मीटरवर. हवेचा दाब जवळपास पाव हिश्शाने उतरतो, आतली हवा फुगते आणि तेलाला बाहेरची वाट दाखवते. खिशात कार्ट्रिज घेऊन डोंगरावर जाणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय होत असेल याचा अंदाज येतो. वर तासभर थांबून डबा उघडला. दाबलेल्यांपैकी सहांच्या खाली टिशू ओला होता, आट्यांच्या दोनांच्या. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, तेव्हा पाच आणि दोन. खोलीतल्या व्हॅक्यूमच्या भांड्यातही कल तोच दिसला.

आट्यांच्या बाजूचे दोष लपवत नाही. पहिला मनगटाचा. हातमोजे घालून दिवसाला तीनशे टोप्या फिरवा, संध्याकाळी चहाचा कप उचलताना जाणवतं. आम्ही माणसं आलटून पालटून बसवतो. दुसरा रिंगचा. जास्त आवळली तर सिलिकॉनची रिंग पिळली जाते, आणि वासासाठी टर्पिन जास्त असलेल्या तेलात ती फुगते. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन सिलिकॉनमध्ये मुरतं. रिंग तुमच्याच तेलात आठवडाभर बुडवून ठेवा, आधी आणि नंतर जाडी मोजा. हे दाबायच्या प्रकारालाही लागू आहे, कारण रिंग तिथेही असते.

तिसरा दोष सगळ्यात गंभीर. आट्यांसाठी बहुतेक ठिकाणी वर धातूचं जास्तीचं कडं येतं, आणि कार्ट्रिज आडवी पडली की तेल त्याला लागतं. कडं पितळेचं असेल तर शिसं विचारा. लेथवर सहज कापलं जावं म्हणून नेहमीच्या पितळेत सुमारे ३ टक्के शिसं घालतात. 'रोह्स', म्हणजे इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांवरच्या युरोपीय नियमाचं प्रमाणपत्र दाखवून पुरवठादार निश्चिंत करतात, पण त्या नियमात तांब्याच्या मिश्रधातूंना ४ टक्क्यांपर्यंत शिशाची सूट आहे. कॅलिफोर्नियाची ओढायच्या मालासाठीची मर्यादा मात्र ग्रॅमला ०.५ मायक्रोग्रॅम. कोलोरॅडोत २०२२ पासून नुसतं तेल नाही, निघणारी वाफही धातूंसाठी तपासली जाते. म्हणून आट्यांची घ्यायची तर कडं आणि नळी ३१६ एल जातीच्या स्टेनलेस स्टीलची, आणि तसा अहवाल त्याच खेपेचा. नुसत्या नमुन्याचा अहवाल घेऊ नका.

गळती थांबवायला तेल घट्ट करायचा मोह कुणालाही पडू देऊ नका. काच पारदर्शक असल्याने गिऱ्हाईक कार्ट्रिज उलटी करून बुडबुडा किती सावकाश चढतो ते बघतं आणि त्यावरून तेलाचा कस ठरवतं. पातळ केलेलं तेल त्या परीक्षेत उतरावं म्हणून बेकायदा बाजारात ई जीवनसत्त्वाचं ॲसिटेट घातलं गेलं. २०१९ मध्ये अमेरिकेत त्यातून फुप्फुसाच्या आजाराची साथ उसळली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली आणि ६८ जण गेले. दोष कार्ट्रिजचा असेल तर कार्ट्रिज बदला, तेलाला हात लावू नका.

तुमच्याकडे दिवसाला पाच हजार नग आणि यंत्राचा प्रेस असेल तर माझं सगळंच तुम्हाला लागू होईल असं नाही. दाब नेमका ठरवणारं यंत्र ती अरुंद जागा सांभाळू शकतं, आणि तिथे आटे फिरवत बसणं परवडणारही नाही. पण हाताने भरणारी चार-पाच माणसांची खोली असेल, तर मी स्टीलच्या कड्याची आट्यांची टोपी घेईन. आम्ही दीड वर्षापूर्वी तीच घेतली. त्या मुलालाही म्हटलं, दोन्हीचे पन्नास-पन्नास नग मागव, शुक्रवारी भर आणि सोमवारी सकाळी कुणी यायच्या आधी प्रत्येक काचेवरून कोरडं बोट फिरव.