ॲव्हरेज वाढवणारं मॅग्नेट घेण्याआधी हे वाचा, विशेषतः जळगाव-भुसावळकडचे

केळीच्या कामामुळे माझं जळगाव, सावदा, रावेर असं रोजचंच फिरणं, निम्मी कमाई पेट्रोलात जाते, आणि हे लोक बरोबर अशाच माणसाला हेरतात. जळगावातल्या एका स्पेअर पार्टवाल्याने मला पेट्रोलच्या नळीवर बसवायचं मॅग्नेट दाखवलं, किंमत 1800. म्हणे पेट्रोलचे कण बारीक होतात, जळतं चांगलं, 55 ची गाडी 70 देते. मी नाही म्हणालो तर म्हणतो, "भाऊ, पैसे नका देऊ, आधी सोता मोजून बघा, मग द्या." सगळी मेख या मोजण्यातच आहे.

त्याच्याच ओळखीच्या पंपावर गेलो. त्याच्या पोराने गाडी डबल स्टँडवर लावली, नोझल आपोआप बंद म्हणजे कट झाल्यावरही थांबला नाही, गाडी हलवून हलवून पार तोंडापर्यंत पेट्रोल दिसेपर्यंत भरलं. मॅग्नेट लावलं, ट्रिप मीटर झिरो केला, एरंडोलपर्यंत जाऊन परत, साठ किलोमीटर. परत त्याच पंपावर, पण आता गाडी साईड स्टँडवर आणि पहिल्याच कटला पोरगा म्हणाला "बस, फुल झाली". मशीनवर 0.84 लिटर, म्हणजे 71 चं ॲव्हरेज. आकडा समोर दिसतोय म्हटल्यावर माणूस पैसे देणारच ना.

नंतर महिनाभर चालवली तर गाडी परत 55 वर. कारण कळलं ते सावद्याकडच्या पंपावर. तिथला भरणारा म्हणाला, "दादा, डबल स्टँडवर घ्या, तिरपी गाडी पूर्ण भरत नाही." तेव्हा सगळा हिशोब डोक्यात बसला! गाडी डावीकडे कलली की टाकीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात हवा अडकते, नोझल लवकर कट होतं, त्यात पहिल्यांदा तोंडापर्यंत भरलेलं, दोन्ही मिळून पाव लिटरचा फरक आरामात पडतो. साठ किलोमीटरला 55 च्या गाडीला खरं 1.09 लिटर लागतं, त्यातून पाव लिटर गायब केलं की झाले 71. हाच पाव लिटर 500 किलोमीटरच्या हिशोबात मारला असता तर 55 चे जेमतेम साडेछप्पन्न झाले असते, म्हणूनच टेस्ट एवढी छोटी ठेवतात, आणि "लांब कशाला जायचं, तुमचा टाईम जाईल" असं गोड बोलतात.

मॅग्नेटने पेट्रोलला काही होत नाही हो. अमेरिकेतल्या ईपीए या सरकारी संस्थेने पेट्रोल वाचवायच्या शंभरावर वस्तू तपासल्यात, लक्षणीय फरक पाडणारी एकही सापडली नाही. कारच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे बिघाड तपासायच्या सॉकेटला, लावायचं लाईट चमकणारं खोकं विकतात ना, त्याचीही तीच गत.

ॲव्हरेज खरंच काढायचं असेल तर एकच पंप, एकच स्टँड, सपाट जागा, दोन्ही वेळा पहिल्या कटलाच थांबायचं, आणि मध्ये किमान 400-500 किलोमीटर गाडी रोजच्यासारखी पळवायची. मधे पेट्रोल टाकलं तर तेही धरायचं, मग एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. पंपाच्या मापावरच शंका असेल तर तिथे 5 लिटरचं सरकारी शिक्क्याचं माप ठेवावंच लागतं, समोर मोजून मागा, 25 मिलीपर्यंत फरक चालतो, त्यापेक्षा कमी भरलं तर वैधमापन खात्याकडे तक्रार करा.

मी परत दुकानात गेलो तर म्हणतो तुमचं इंजिनच कमजोर आहे, सर्व्हिसिंग करा. बिल त्याने दिलंच नव्हतं, "जीएसटी लागेल, महाग पडेल" म्हणून कच्च्या कागदावर लिहून दिलेलं. 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार टाकली आहे, तो कच्चा कागद आणि पंपाची पावती दोन्हीचे फोटो जोडलेत. मॅग्नेट विकणं मात्र त्याचं अजून चालू आहे, आता पाचोऱ्याकडेही पोरं पाठवतो असं ऐकलं, तिकडच्यांनी त्याला 500 किलोमीटरची टेस्ट करू म्हणून सांगा, बघा तयार होतो का.