केसाळ शेवाळ: जीएफओ की चेटो?
खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ माजलं, की शेवाळाचं खाद्य असलेलं फॉस्फेट शोषणारे जीएफओचे (लोहाच्या ऑक्साइडचे) दाणे घ्यावेत की संपमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) तेच खाद्य ओढून घेणारं चेटो हे दुसरं शेवाळ वाढवावं, हा प्रश्न पडतोच.

दाणे फॉस्फेटने भरले की बदलावेच लागतात, म्हणजे खर्च चालूच. चेटोला एकदा दिवा घ्यायचा, मग वाढलेला गुंता मूठ-मूठ काढत राहायचा. जीएफओ झपाट्यानं काम करतं, धोकाही तिथेच: फॉस्फेट एकदम तळाला गेलं की प्रवाळ फिकट पडतात. निम्म्या मात्रेनंच सुरुवात करा. चेटो नायट्रेट हे शेवाळाचं दुसरं खाद्यही शोषतं. त्याचा दिवा रात्री लावला तर पीएच फारसा घसरत नाही. माझा कौल त्यालाच.

संप नसेल किंवा फॉस्फेट फारच चढलं असेल, तर जीएफओ. जागा आणि धीर असेल, तर चेटो. आधी मात्र हातानं केसाळ शेवाळ उपटा आणि पाणी आरओ-डीआयचंच (गाळून क्षार काढलेलं) घाला.