शिष्यत्वाचा दहा शनिवारांचा वर्ग : हिशेब चोख, घरच्यांची बाजू अपुरी

बाप्तिस्म्याआधी (पाण्याचा विधी घेऊन ख्रिस्ती होण्याआधी) येशूचा शिष्य होण्याची किंमत मोजायला बसवणारा वर्ग कोल्हापुरात शोधत असाल, तर शहरातल्या एका मराठी मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हा वर्ग जरूर करावा. दहा शनिवार, संध्याकाळी दीड तास, गटात आठ-दहा जण. फी नाही. मराठी पवित्र शास्त्र आणि शंभर पानी वही आणायची.

वर्गाचा कणा म्हणजे तिसरा शनिवार. लूकच्या शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायातला, बुरूज बांधण्याआधी खर्च मोजणारा माणूस आणि दहा हजारांनिशी वीस हजारांना तोंड देऊ पाहणारा राजा वाचून झाले की वही उघडायची. ‘सर्वस्व प्रभूला’ एवढंच लिहिलेलं पान पाळक (चर्चचे धर्मगुरू) परत देतात, आकडा हवा. अंबाबाईच्या देवळाजवळच्या महाद्वार रोडवरच्या दुकानात 18,000 रुपये पगारावर काम करणाऱ्याचा हिशेब ते फळ्यावर मांडतात. रविवार तिथे भाविकांच्या गर्दीचा, म्हणून उपासनेसाठी चार अर्ध्या दिवसांची कपात 1,200, दशमांश, म्हणजे देवासाठी काढलेला दहावा हिस्सा, 1,800. हातात 15,000. त्यात खोलीभाडं, किराणा, मुलांची फी कशी बसते ते त्याच पानावर लिहायचं. बरेच जण इथेच अडखळतात, कारण सगळा खर्च भागवून उरेल ते देवाला, ही सवय जुनी असते.

पाचव्या शनिवारी लूकचा 9 वा अध्याय : नांगराला हात घालून मागे पाहणारा देवाच्या राज्याला योग्य नाही, असं येशू म्हणतो. नांगराला हात घालून मागे पाहणारा इथल्या शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही : मान वळली की तास (नांगराची रेघ) वाकडं जातं, आणि पुढची तासंही त्यालाच धरून वाकतात. या वचनांचा धाक घालून बाप्तिस्म्याची तारीख रेटत नाहीत, हे फार चांगलं. निकड आज्ञा पाळण्याची. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याकडे त्याच आठवड्यात जायचं, बुडवलेली उधारी फेडायला लागायचं.

सातव्या शनिवारी कायदा, तोही जेमतेम पंधरा मिनिटं. हे चुकतंय. अनुसूचित जातींविषयीच्या 1950 च्या घटनात्मक आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. शिक्षण, नोकरी, राखीव जागेवरची उमेदवारी, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. दलित कुटुंबातून येणाऱ्याला ही किंमत तिसऱ्याच शनिवारी, वहीत लिहायला मिळाली पाहिजे.

नववा शनिवार इथल्या मिशनच्या इतिहासाचा. 1852 मध्ये कोल्हापुरात आलेल्या अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांच्यापासून सुरुवात, ऐकायला बरा.

मोठी उणीव घरच्यांची. कवी नारायण वामन टिळकांचा 1895 चा बाप्तिस्मा वर्गात धाडसाचं उदाहरण म्हणून येतो, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतरची वर्षं कशी काढली आणि 1900 मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेतला, हे येत नाही. किंमत त्यांनीही मोजली होती. सध्या जोडीदाराला फक्त शेवटच्या शनिवारी बोलावतात, तोवर निर्णय झालेला असतो. विचारलं तर आधी बसू देतात. तिसऱ्या शनिवारी दोघांनी या आणि वही एकच ठेवा.