पहिली सीमा कुठली ओलांडावी: कॅनडा, बहामा की मेक्सिको?

अमेरिकेत पीपीएल, म्हणजे खासगी वैमानिकाचा परवाना, हातात पडून उड्डाणाचे शंभर-दीडशे तास झाले की नकाशाच्या कडेकडे नजर जायला लागते. उत्तरेला कॅनडा, आग्नेयेला बहामा, दक्षिणेला मेक्सिको. बहुतेक जण अंतर मोजून ठरवतात आणि तिथेच गफलत होते. सेस्ना १७२ला, म्हणजे चार आसनी छोट्या विमानाला, तिन्ही देश जवळच आहेत. फरक आहे तो परतीच्या फेरीत. जाताना तुम्ही पाहुणे असता, येताना अमेरिकी कस्टमच्या लेखी तुम्ही विमान कंपनी असता. प्रवाशांचे कागद बरोबर आहेत की नाहीत, याची जबाबदारी त्या वेळी वैमानिकाची असते. म्हणून देश निवडताना आधी परतीचा रस्ता पाहावा.

तिन्हीकडे जे लागतंच ते आधी उरकून टाकू. पासपोर्ट पुस्तिकाच हवी, पासपोर्ट कार्ड विमानासाठी चालत नाही. वैमानिकाच्या प्रमाणपत्रावर इंग्रजी येत असल्याचा शेरा हवा. विमानाचं पक्कं नोंदणीपत्र हवं. नुकतंच विकत घेतलेल्या विमानाचं तात्पुरतं गुलाबी पत्रक देशाबाहेर चालत नाही. एफसीसीचा (अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचा) विमानाचा रेडिओ परवाना दहा वर्षांचा आणि वैमानिकाचा रेडिओ परवाना तहहयात. देशात उडताना हे दोन्ही कुणी विचारत नाही, म्हणून नेमके तेच राहतात. अमेरिकी कस्टमचा वार्षिक स्टिकर त्या-त्या विमानाच्या नावानेच निघतो.

नोंदणी क्रमांकाच्या उंचीकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. जुन्या अनेक सेस्ना आणि पायपर विमानांवर तीन इंची आकडे असतात. एडीआयझी, म्हणजे किनाऱ्यालगतच्या हवाई ओळख पट्ट्यातून जायचं तर बारा इंची लागतात. रंगवायची गरज नाही, तात्पुरते चिकटवलेलेही चालतात. मात्र रंग विमानाच्या रंगाहून उठून दिसणारा हवा, आणि पुसून-वाळवून चिकटवायला हवं, नाहीतर पहिल्याच सरीत एखादा आकडा गायब होतो.

आता ई-एपिस. प्रवाशांची यादी अमेरिकी कस्टमला जाताना आणि येताना, दोन्ही वेळा, उड्डाणाच्या किमान ६० मिनिटं आधी ऑनलाइन भरायची. मे २००९पासून खासगी विमानांना ती सक्तीची आहे. यादी पाठवली म्हणजे काम झालं असं नाही. निघायला परवानगी असल्याचा ईमेल हातात आल्याशिवाय चाक हलवायचं नाही. शिवाय येताना जिथे उतरणार तिथल्या अधिकाऱ्याला वेगळा फोन करून उतरण्याची परवानगी घ्यावी लागते. हे दोन टप्पे एकच समजणारे लोक पहिल्या फेरीतच दंडाचं पत्र घेऊन घरी येतात, आणि दंड हजारो डॉलरांत असतो.

आपल्या मंडळींची एक खास अडचण नावाची. महाराष्ट्रातून काढलेल्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं असतात. वैमानिक प्रमाणपत्रावर मात्र मधलं नाव अनेकदा गळलेलं असतं किंवा नुसतं आद्याक्षर असतं. ई-एपिसमध्ये पासपोर्टवर जसं आहे तसंच भरायचं. आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्ट असेल तर सहलीच्या आधीच तो दुरुस्त करून घेतलेला बरा.

आता व्हिसा. नागरिकत्व अमेरिकी असेल तर हा भाग सोडून पुढे जा. बाकीच्यांसाठी निर्णयाचा निम्मा भाग इथेच होतो.

एच-१बीवर (कामाच्या व्हिसावर) आहात, आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू आहे, पण पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलाय, अशी स्थिती फार जणांची असते. अशा वेळी व्हिसा आपोआप ग्राह्य धरण्याची अमेरिकेची एक सवलत आहे: ३० दिवस किंवा त्याहून कमी मुक्काम, तोही फक्त कॅनडा किंवा मेक्सिकोत, आणि तिथे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. बहामा या सवलतीत फक्त एफ आणि जे (विद्यार्थी आणि विनिमय) व्हिसावाल्यांसाठी येतं. म्हणजे शिक्का संपलेला एच-१बीवाला बहामाच्या बिमिनी बेटावर जाऊन मासे खाऊन परत आला तर त्याला अमेरिकेत घेण्याचा नियमच नाही. किनारा समोर दिसत असतो, आणि घर दिल्ली किंवा मुंबईच्या वकिलातीमार्गेच गाठावं लागतं!

उलटी बाजूही पाहावी. भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो, अमेरिकी व्हिसा असला तरी. ग्रीनकार्डवाल्याला लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड पुरे. मेक्सिकोत चालू अमेरिकी व्हिसावर किंवा ग्रीनकार्डवर भारतीयाला प्रवेश मिळतो. पण शिक्का संपला असेल तर मेक्सिकोचा स्वतंत्र व्हिसा काढायला हवा, म्हणजे वरची सवलत परतताना उपयोगी पडली तरी जाताना अडकता येतं. बहामाला कामाच्या व्हिसावर निघणाऱ्याने बहामाच्या वकिलातीचं लेखी उत्तर खिशात ठेवूनच निघावं.

आणखी एक. ग्रीनकार्ड नसेल तर विमान स्वतःच्या नावावर अमेरिकेत नोंदवता येत नाही, म्हणजे क्लबचं किंवा भाड्याचं विमान आलं. अशा विमानाबरोबर मालकाचं परवानगीपत्र लागतं. मेक्सिकोसाठी ते नोटरी केलेलं हवं. विम्यात त्या देशाचं नाव आहे का तेही पाहावं. कॅनडा आणि बहामा बहुधा असतं, मेक्सिको बहुधा नसतं.

इतकं जमलं की मग उडण्याचा विचार.

कॅनडा तिघांत सगळ्यात सरळ आहे, आणि पहिल्या फेरीसाठी आमचं मत कॅनडालाच. सीमेवर पाणी ओलांडायचंच असं नाही, रात्रीचं व्हीएफआर (डोळ्यांनी बाहेर पाहत उडणं) चालतं, रेडिओवरची भाषा ओळखीची. तिथल्या कस्टमला उतरण्याच्या वेळेआधी किमान २ आणि जास्तीत जास्त ४८ तासांत कॅनपास या त्यांच्या सेवेच्या दूरध्वनीवर कळवायचं, नोंद असलेल्या प्रवेश विमानतळावर उतरायचं आणि उतरल्यावर विमानापाशीच थांबून पुन्हा फोन करायचा. बऱ्याचदा नुसता नोंद क्रमांक सांगतात आणि मोकळे होता. तो क्रमांक लिहून ठेवा, तीच तुमची पावती.

चुका होतात त्या बारीक जागी. सीमा ओलांडायला फ्लाइट प्लॅन, दिलेला ट्रान्सपॉन्डर कोड (रडारवर विमान ओळखू येण्याचा क्रमांक) आणि नियंत्रकाशी बोलणं, तिन्ही लागतं. देशात असतो तसा १२०० कोड ठेवून सीमेवरून जायचं नाही. कॅनडात दाखल केलेला व्हीएफआर प्लॅन दिलेल्या वेळेला सुरू झाला असं धरतात, अमेरिकेत तो आपण उघडावा लागतो. त्यामुळे निघायला उशीर झाला आणि कळवलं नाही, तर तुम्ही धावपट्टीवर चहा पीत असताना तुमची वेळ मोजली जात असते. टॉवर नसलेल्या धावपट्टीवर चक्राकार मार्गात शिरण्याची पद्धतही वेगळी: पलीकडच्या बाजूने येऊन धावपट्टीच्या मधोमध वरून ओलांडायचं आणि मग डाउनविंड, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट्या दिशेचा टप्पा. अमेरिकेतली ४५ अंशांच्या कोनात डाउनविंडमध्ये शिरण्याची सवय इथे उपयोगाची नाही. विरळ वस्तीच्या भागावरून जायचं तर जगण्याचं साहित्य बरोबर लागतं, आणि ईएलटी (अपघातात आपोआप संदेश पाठवणारं यंत्र) ४०६ मेगाहर्ट्झचाच हवा. जुना १२१.५चा संदेश उपग्रह फेब्रुवारी २००९पासून ऐकतच नाहीत. दायित्व विमा १,०४३ किलोपर्यंतच्या विमानाला किमान १ लाख कॅनेडियन डॉलर, त्यावर २,२६८ किलोपर्यंत ५ लाख. १७२ची अलीकडची मॉडेलं या दुसऱ्या गटात येतात, जुन्या मॉडेलचं कमाल वजन पाहून घ्या. हवाई सेवेचं बिल नंतर टपालाने मालकाच्या पत्त्यावर येतं, क्लबचं विमान असेल तर आधी सांगून ठेवा.

बहामा सगळ्यात सुंदर, आणि बहुतेकांच्या मनात तेच असतं. फ्लोरिडाच्या किनाऱ्यापासून बिमिनी साधारण ५० सागरी मैल. इथे जरा आकडेमोड करून पाहू. १७२ इंजिन बंद पडल्यावर दर हजार फुटांमागे दीड सागरी मैल तरंगते. ५,५०० फुटांवरून म्हणजे आठ मैल. दोन्ही किनाऱ्यांचे आठ-आठ वजा केले तर मध्ये ३४ मैल उरतात, ११० नॉटने साडेअठरा मिनिटं. त्या साडेअठरा मिनिटांत इंजिन थांबलं तर पाण्यातच. हेच ९,५०० फुटांवर केलं तर दोन्हीकडून १४ मैल मिळतात आणि मधला धोक्याचा टप्पा २२ मैलांचा, १२ मिनिटांचा होतो. पूर्वेला जाताना ९,५०० नियमात बसतं, परतीला १०,५००. त्यासाठी किनारा सोडण्याआधी फ्लोरिडावरच गोल फिरत उंची घ्या, पाण्यावर चढत जाण्यात काही शहाणपण नाही. हा हिशेब वारा शून्य धरून आहे. समोरून वारा असेल तर पलीकडची बाजू आखडते आणि ‘मधला बिंदू’, म्हणजे जिथून पुढे जाणं आणि मागे फिरणं सारखंच, तो मधोमध राहत नाही.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर हवं, सीटखाली नव्हे. आणि केबिनमध्ये ते फुगवायचं नाही. फुगलेल्या जॅकेटने माणूस छताला चिकटतो आणि पाण्याखालच्या दारातून बाहेर पडू शकत नाही. प्रवाशांना हे निघण्याआधी दोनदा सांगा. फुगवता येणारा तराफा फ्लोरिडात भाड्याने मिळतो, तो मागच्या सामानाखाली न दाबता हाताशी ठेवा. वजनाचा हिशेब नव्याने करावा लागतो: १७२च्या टाक्या काठोकाठ भरल्यावर माणसं-सामानासाठी जेमतेम अडीचशे किलो उरतात. आणि टाक्या भरायलाच हव्यात, कारण अनेक बेटांवर १००एलएल, म्हणजे विमानाचं पेट्रोल, मिळतच नाही.

बहामात रात्रीचं व्हीएफआर नाही. एडीआयझीतून येताना-जाताना फ्लाइट प्लॅन हवाच, आणि ठरलेल्या वेळेपासून पाच मिनिटं, तर ठरलेल्या मार्गापासून पाण्यावर वीस मैल एवढीच सूट. वादळाला वळसा घालून उशीर होत असेल तर रेडिओवर सांगा, गप्प राहू नका. दुपारनंतर फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ढग चढायला लागतात, त्यामुळे परत येणं सकाळीच.

दक्षिणेकडून, म्हणजे बहामा आणि मेक्सिको दोन्हीकडून परतताना हवं तिथे उतरता येत नाही. सीमा जिथे ओलांडता त्याच्या सगळ्यात जवळच्या नेमून दिलेल्या विमानतळावरच उतरायचं: फ्लोरिडात फोर्ट पियर्स, पाम बीच, फोर्ट लॉडरडेल एक्झिक्युटिव्ह वगैरे, टेक्ससमध्ये ब्राउन्सव्हिल, लारेडो, कॅलिफोर्नियात ब्राउन फील्ड, कॅलेक्सिको. थेट घरच्या विमानतळावर जायचं तर आधी विशेष सवलत काढावी लागते. कॅनडाहून परतताना ही ‘सगळ्यात जवळचा’ची अट नाही, कस्टम असलेला विमानतळ आणि परवानगी पुरते. बेटावर मोबाइलचं जाळं मिळेलच असं नाही, म्हणून परतीचं ई-एपिस फ्लोरिडातूनच भरून ठेवावं. उतरल्यावर अधिकारी येईपर्यंत दार उघडायचं नाही.

मेक्सिकोबद्दल थोडक्यात, कारण पहिल्या फेरीसाठी आम्ही तो सुचवणार नाही. मेक्सिकन कंपनीचा दायित्व विमा वेगळा काढावा लागतो, प्रवाशांची यादी मेक्सिकोच्या अधिकाऱ्यांनाही आगाऊ पाठवावी लागते, प्रवेश परवाना निघतो, आणि प्रत्येक मोठ्या विमानतळावर कमांदान्तेच्या (विमानतळ प्रमुखाच्या) कार्यालयात कागदी फ्लाइट प्लॅनवर शिक्का मारून घ्यावा लागतो. रांग, रोख पेसो, दोन-चार स्पॅनिश वाक्यं आणि सबुरी, या चारही गोष्टी बरोबर हव्यात. व्हीएफआर फक्त दिवसा, त्यामुळे शिक्क्यांत गेलेला एक तास सूर्यास्ताच्या हिशेबातून कापला जातो. बदल्यात जमिनीवरून उडता येतं आणि किनाऱ्यावरच्या लोरेतो गावासारख्या जागा दिसतात. दोन अनुभवी वैमानिक, स्वतःचं विमान आणि आठवडाभराची रजा असेल तर मजा आहे.

निवड अशी करावी. ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व आणि पाण्याची भीती नसेल: बहामा, पण मार्च-एप्रिलमध्ये आणि तराफ्यासकट. शिक्का संपलेला एच-१बी: कॅनडाचा व्हिसा असेल तर कॅनडा, नसेल तर आधी शिक्का. बेसिकमेडवर (नेहमीच्या वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजीच्या अमेरिकी सवलतीवर) उडत असाल तर बहामा आणि मेक्सिको चालवून घेतात. कॅनडाला जाताना मात्र त्या वेळचा नियम आधी विचारून घ्या. क्लबचं विमान असेल तर आधी क्लबच्या विम्याचा कागद वाचा. तिन्हीपैकी एखादा पर्याय बहुधा तिथेच गळतो.