बारदान वजा जाता : स्वयंपाकघरातला काटा, पाच महिन्यांनंतर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी एकतीस वर्षं हिशेब लिहितोय. सुताचं पोतं आलं की काट्यावर घ्यायचं, बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं, सूत ज्यांवर गुंडाळलेलं असतं त्या कोनांचं वजन वजा करायचं, उरेल ते सूत. दिवाळीला मुलीनं पुण्याहून स्वयंपाकघरात ठेवायचा डिजिटल काटा आणला आणि सांगायला लागली, "बाबा, रिकामी वाटी ठेवून हे बटण दाबायचं, की आकडा शून्य होतो." म्हटलं, अगं, हे बारदानच की! काट्याशी माझं तिथंच जमलं.

काटा आणायचं कारण डॉक्टर. वजन ८४.२ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. साखर ५.७ ते ६.४ मध्ये असली म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, असं त्यांनी सांगितलं. आणि विचारलं, "खाता काय?" मी म्हटलं, साधंच. भाकरी, भाजी, थोडी चटणी. डॉक्टर हसले. ते का हसले हे मला महिन्याभरानं कळलं.

काटा तसा साधाच. काचेचा माथा, पाच किलोपर्यंत वजन, एक ग्रॅमचा फरक दाखवतो, दोन बारीक सेलवर चालतो. मुलीनं पाचशेच्या आत घेतला. कुठल्या मोठ्या नावाचा नाही. पाच महिन्यांत सेल एकदाच बदलले.

त्याच्यासोबत मुलीनं फोनवर एक अ‍ॅपही टाकून दिलं. जे खाल ते त्यात लिहायचं, कॅलरी ते मोजतं. नाव सांगत नाही, पण आठ दिवसांत माझं त्याच्याशी बिनसलं. धपाटं शोधलं, नाही. हुलग्याचं माडगं शोधलं, नाही. शेंगा चटणी टाकली तर नारळाची चटणी पुढं केली. ज्यांना नारळाची आणि शेंगांची चटणी सारखीच वाटते त्यांच्याकडून सोलापूरकरानं काय मोजून घ्यायचं? भाजी 'एक वाटी' म्हणे. कुणाची वाटी? आमच्या घरात चार मापांच्या वाट्या आहेत. शिवाय दर दोन तासांनी पैसे भरून वरचा प्लॅन घ्या म्हणून घंटी. वजनाच्या खान्यात मला नुसतं 'जास्त' असं दाखवलं. डॉक्टरांच्या मते आपल्या लोकांना बीएमआय २३ च्या पुढं जास्त आणि २५ च्या पुढं लठ्ठ धरतात. माझा होता जवळपास ३०. अ‍ॅपनं उगीच माझं मन राखलं.

पण खरा घोळ कडक भाकरीनं उघडा पाडला. मालदांडी ज्वारीचं ७० ग्रॅम पीठ मोजून सौ.नं एक भाकरी थापली. तव्यावरून उतरली तेव्हा १०८ ग्रॅम. तेवढ्याच पिठाची दुसरी कडक होईपर्यंत वाळवली, ती भरली ६८ ग्रॅम. अ‍ॅपमध्ये ग्रॅमवर टाकलं तर पहिलीच्या २३५ कॅलरी आणि दुसरीच्या १४८! कडक करताना पाणी उडालं, ज्वारी कुठं उडाली? सूत दमट हवेत वजन धरतं आणि उन्हात सोडतं, तसलाच प्रकार. कारखान्यात असा हिशेब लावला असता तर मालकानं दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं.

तेव्हापासून माझा एकच नियम. शिजवलेलं मोजायचं नाही, कच्चं मोजायचं. पीठ, डाळ, दाणे, तेल, साखर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय पदार्थांचे तक्ते काढलेत, ५२८ पदार्थांचे. त्यातली आमच्या उपयोगाची पानं मुलीनं छापून दिली. ऊर्जा त्यात किलोज्यूलमध्ये दिलीय, म्हणून ४.१८ नं भागावं लागतं. कॅल्क्युलेटर माझ्या हाताशी असतोच. बाकी शाळेतलंच : पिष्टमय पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी, तेल-तूप ग्रॅमला ९. अ‍ॅप काढून टाकलं आणि दोनशे पानी वही घातली. डावीकडं खाल्लेलं, उजवीकडं आकडा, खाली बेरीज. रोजमेळच तो.

आता थोड्या चटणीचं सांगतो. माझ्या हातानं नेहमीसारखी ताटात घेतली आणि ताट काट्यावर ठेवलं. ३८ ग्रॅम. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी असतात, म्हणजे नुसती चटणी दोनशेला पोचली. जवळपास एक भाकरी मी तोंडीलावणं म्हणून खात होतो, तीसुद्धा हिशेबात न धरता. चटणी सोडलेली नाही. सोलापुरात राहून चटणी सोडायची तर गाव सोडलेलं बरं. आता १५ ग्रॅम घेतो, दह्यात कालवून.

चहाचं त्याहून वाईट. कारखान्यात पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, चमचा पाच ग्रॅमचा. दिवसाला ५० ग्रॅम साखर नुसती चहातून. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत, जमल्यास २५ च्या आत ठेवा म्हणते, तीही दिवसभराची. आता दोन कप, एकेक चमचा. चहावाला पोरगा पहिले आठ दिवस विचारत होता, "काय झालं काका, तब्येत बरी नाही का?"

तेलाचा हिशेब तर काट्याशिवायही निघाला असता. आई, सौ. आणि मी, तिघांत महिन्याला चार किलो. माणशी दिवसाला ४४ ग्रॅम, म्हणजे एकट्या तेलाच्या चारशे कॅलरी. इतकी वर्षं वाण्याची बिलं मीच लिहीत आलोय, पण कधी माणसांनी भागलं नव्हतं. सौ. आता सकाळी दिवसाचं तेल वाटीत मोजून काढते, महिन्याला पावणेतीन किलोत भागतं. पहिल्या दिवशी मात्र ती म्हणाली होती, "अहो, आता भाकरीलाही पावती फाडणार का?"

आता काट्याची खोड सांगायला हवी. परात ठेवली की आकडा परातीखाली लपतो, मान वाकडी करून बघावं लागतं. मी खाली उलटा डबा ठेवतो आणि डब्याचं बारदान मारतो. हात कणकेत असले की दोन मिनिटांत काटा आपोआप बंद, आणि आधीचं वजन गेलं. पंख्याखाली आकडा नाचतो. आपल्याकडं एप्रिलात पंखा बंद करून वजन करा म्हणणं म्हणजे शिक्षाच. आणि तेल थेंबथेंब सोडलं तर तो मोजतच नाही. एकदम ओतलं तरच. म्हणून तेलासाठी उलटी रीत : बुधलीच काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, तेल वापरून बुधली परत ठेवायची. उणे जेवढं दिसेल तेवढं गेलं. ही युक्ती कुणी सांगितली नव्हती, हिशेबनिसाला सुचली.

ताळेबंद असा. चहा, चटणी आणि तेल मिळून रोजच्या सुमारे चारशे कॅलरी वाचल्या. दीडशे दिवसांच्या साठ हजार. किलोभर चरबीला ७७०० धरतात, त्या ठोकताळ्यानं पावणेआठ किलो उतरायला हवे होते. उतरले ५.३. आज वजन ७८.९, एचबीएवनसी ५.८. अडीच किलोची तफावत राहिली. ती कुठली ते मला ठाऊक आहे. वहीत रविवारची पानं जरा सैल आहेत, डिस्को भजी तिथं 'इतर' या खात्यावर टाकलीत. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तर सरळ लिहिलंय, 'यात्रा, काटा बंद'.

घरातल्यांना पहिला महिना मी नकोसा झालो होतो हेही कबूल. कोथिंबीर मोजताना आईनं पकडलं तेव्हा थांबलो. आता पालेभाजी, काकडी, ताक मोजत नाही. ज्यांना गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्यात काटछाट करू नये.

काट्याला पाचपैकी चार. एक परातीसाठी कापला. अ‍ॅपला दीड, तोही रंगांसाठी. वही पंचेचाळीस रुपयांची, तिच्याबद्दल तक्रार नाही.

काल आईनं पुण्याला पाठवायला चटणी कुटली आणि डबा स्वतःच काट्यावर ठेवला. "बारदान मारलंस का?" मी विचारलं. "मारलं की," ती म्हणाली, "अर्धा किलो आहे. आणि हे तुझ्या वहीत नको लिहू."