बॉक्समधला, टॉवर की पाण्याचा? प्रोसेसरसाठी कूलर निवडताना

डेस्कटॉप जुळवताना सगळा जीव प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डात अडकलेला असतो. प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणाऱ्या कूलरची पाळी शेवटी येते आणि उरलेल्या पैशात बसेल तो घेतला जातो. हे मला मुळीच पटत नाही. प्रोसेसर मर्यादेपलीकडे तापला की आपणहून वेग कमी करतो, म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले तोच हाती लागत नाही.

निवड करण्याआधी एकच आकडा शोधा: तुमचा प्रोसेसर पूर्ण भारावर किती वॉट घेतो? बॉक्सवरच्या आकड्यावर जाऊ नका. एएमडीच्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलेलं असतं, पण तो ८८ वॉटपर्यंत जातो. इंटेलच्या कोअर आय९ १४९००के वर १२५ लिहितात आणि कमाल टर्बोची, म्हणजे वाढीव वेगाने धावतानाची मर्यादा २५३ वॉट असते. ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत, त्यांना एकच औषध चालणार नाही.

७६०० सारख्या प्रोसेसरसोबत बॉक्समध्येच कूलर येतो आणि रोजच्या कामाला, गेमिंगलाही तो पुरतो. तक्रार असते ती आवाजाची. छोटा पंखा जोरात फिरवावा लागतो आणि रात्रीच्या शांततेत तो ऐकू येतो. आवाजाचा त्रास होत नसेल तर इथेच थांबा.

बहुतेकांनी जिथे पैसे घालावेत असं मला मनापासून वाटतं, तो म्हणजे टॉवर कूलर: धातूच्या पातळ पट्ट्यांचा उभा मनोरा, त्यातून जाणाऱ्या नळ्या आणि बाजूला पंखा. त्याच्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत अगदी कमी दाबाखाली थोडंसं द्रव असतं. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, ती वर पट्ट्यांमध्ये जाऊन निवते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत खाली झिरपते. या सगळ्याला ना पंप लागतो, ना वीज. बिघडण्यासारखा भाग एकच, पंखा, आणि तो दोन मिनिटांत बदलता येतो. दोन टॉवर आणि दोन पंखे असलेला चांगला कूलर दीडशे-दोनशे वॉट निवांत सांभाळतो.

त्याची अडचण जागेची. नॉक्टुआ एनएच-डी१५ ची उंची १६५ मिलिमीटर, थर्मलराइटच्या पीअरलेस असॅसिन १२० एसईची १५५. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती आधी बघा. रॅमवर उंच सजावटीचे पत्रे असतील तर पुढचा पंखा त्यांना अडतो. शिवाय डी१५ पंख्यांसकट सव्वा किलोच्या वर भरतो. कॉम्प्युटर गाडीतून हलवायचा असेल तर कूलर काढून ठेवलेला बरा.

आता पाण्याचा, म्हणजे एआयओ (ऑल-इन-वन): पंप, नळ्या आणि पंखे लावलेली जाळी, म्हणजे रेडिएटर, यांचा आधीच पाणी भरून बंद केलेला संच. पंप पाणी फिरवतो आणि ते रेडिएटरमध्ये निवतं. त्याची खरी ताकद उष्णता प्रोसेसरच्या जागेपासून उचलून कॅबिनेटच्या कडेला नेण्यात आहे. तासन्‌तास रेंडरिंग (व्हिडिओ किंवा थ्रीडी चित्रं तयार करणं) चालतं आणि प्रोसेसर अडीचशे वॉट ओढतो, तिथे ३६० मिलिमीटरचा रेडिएटर टॉवरच्या पुढे जातो. पाणी तापायला वेळ लागतो, त्यामुळे मिनिटभराच्या भाराला पंखे लगेच ओरडत नाहीत, हेही सुख आहे. मात्र १२० मिलिमीटरच्या एआयओच्या वाटेला जाऊ नका; चांगला टॉवर त्याच्यापेक्षा सरस ठरतो.

माझ्याकडच्या एका एआयओचा पंप चालता चालता बंद पडला. पंखे पूर्ण वेगाने फिरत होते, स्क्रीनवर तापमान शंभरीला, आणि रेडिएटरला हात लावला तर गार! उष्णता तिथवर पोचतच नव्हती. अशा वेळी पूर्ण संचच बदलावा लागतो. पंप धड असला तरी नळ्यांमधून वर्षानुवर्षं थोडं थोडं पाणी झिरपून उडतं आणि आत हवा साठते. म्हणून पंप कधीही सगळ्यात उंच जागी येऊ देऊ नये, नाहीतर ती हवा नेमकी त्याच्यात अडकते. रेडिएटर वरच्या बाजूला लावला की ही चिंता मिटते. सुट्या भागांतून जोडलेला कस्टम लूप हा हौसेचा मामला. गरज म्हणून तो कोणी घेऊ नये.

रायझन ७००० मालिका घेणाऱ्यांना एक सांगायलाच हवं. यातले ७९५०एक्स सारखे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत. मोठा कूलर लावूनही आकडा ९५ वरच दिसेल, वाढेल तो वेग. आकड्याने जीव घाबरत असेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) इको मोड लावून बघा. वॉट बरेच उतरतात, वेग मात्र त्या मानाने थोडाच कमी होतो. नवा कूलर घेण्याआधी हा फुकटचा उपाय नक्की करावा.

आणि कॅबिनेट पुढून काचेने बंद असेल तर कुठलाही कूलर आतलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढणार. पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, एवढं तरी हवंच.

बसवून झालं की दहा मिनिटं पूर्ण भार देऊन तापमान बघा. काही सेकंदांतच ते शंभरीला टेकलं तर कूलर कमी पडतोय असं लगेच ठरवू नका. आधी तो सोडवा आणि तळ बघा: प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायची उष्णतावाहक पेस्ट सगळीकडे पसरली आहे का, एका कोपऱ्याचा स्क्रू सैल राहिला का, आणि तळाला चिकटवलेली पारदर्शक फिल्म काढली होती का. ती तशीच राहिलेली मी दोनदा पाहिली आहे.