कॅशलेस क्लेमचा रिव्ह्यू : पाचापैकी तीन स्टार, आणि ते पण टीपीए डेस्कवरच्या (हॉस्पिटलातल्या विमा क्लेमच्या काउंटरवरच्या) मॅडममुळे

अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, नाशिकला मुंबई नाक्याकडच्या एका हॉस्पिटलात. कंपनीचं आणि हॉस्पिटलचं नाव घेत नाही, पॉलिसी अजून चालूच आहे. तीन लाखांची, एजंटने घरी येऊन चहा पिऊन दिलेली, ‘सगळं कव्हर आहे हो’ टाईप.

हर्नियाला बऱ्याच पॉलिसींत दोन वर्षांचं वेटिंग (तोवर क्लेम मिळत नाही) असतं, आमचं संपलेलं होतं, तरी क्वेरी आलीच की त्रास कधीपासून आहे. डेस्कवरच्या मॅडम म्हणाल्या, दादा, डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हाचा केसपेपर आणा. त्यावर तारीख आणि ‘दोन महिन्यांपासून’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं म्हणून निभावलं, कारण कंपनी आधी तोच कागद बघते.

आता खरी गंमत. पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. शेअरिंग रूम फुल, मिळाली ५,००० ची. आपल्याला वाटतं वरचे दोन हजार भरू की खिशातून, विषय संपला. तर नाही! रूम ६० टक्के पास झाली की सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर) चार्जेस सगळंच ६० टक्क्यांवर येतं, याला प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात आणि हे एजंट लोक मरेपर्यंत सांगत नाहीत.

एकूण बिल १,१२,०००. रूमचे १५,००० होते त्यातले ९,००० मिळाले, डॉक्टर-ओटीचे ५५,००० त्यातले ३३,०००, ग्लोव्हज वगैरे ४,००० ला भोपळा. इथपर्यंत नियमात आहे, मान्य. पण औषधं, तपासण्या आणि आत बसवलेली जाळी मिळून ३८,००० होते, त्यालाही यांनी तीच कात्री लावली, आणि हे चालत नाही. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाच्या) नियमाने औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कपात लागत नाही, आयसीयूलाही नाही. मॅडमनीच कानात सांगितलं, डिडक्शन शीट (कुठे किती कापलं त्याचा कागद) मागा आणि कंपनीच्या ग्रिव्हन्सला, म्हणजे तक्रार विभागाला, मेल टाका. टाकला, थोडी टोलवाटोलवी झाली, मग १५,२०० अण्णांच्या खात्यात जमा.

नसते आले तर आयआरडीएआयचं तक्रारीचं बीमा भरोसा पोर्टल होतं, आणि त्यानंतर विमा लोकपाल. नाशिकसाठी पुण्याचं ऑफिस लागतं, फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात. फक्त आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी आणि महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तरच तिकडे जायचं.

डिस्चार्जला मात्र वैताग. आयआरडीएआयच्या २०२४ च्या सर्क्युलरप्रमाणे फायनल बिल गेल्यावर तीन तासांत अप्रूव्हल द्यायचं असतं, उशीर झाला तर हॉस्पिटलचा वाढीव खर्च कंपनीच्या माथी. इथे हॉस्पिटलनेच बिल दुपारपर्यंत पाठवलं नव्हतं, मग तीन तास मोजणार कुठून! अण्णा सकाळपासून शर्ट घालून बसलेले, आणि घरी आई फोनवर, ‘निघालात का रे’.

अॅडमिट होताना रूमचा रेट विचारायच्या आधी पॉलिसीचं ग्राहक माहितीपत्रक उघडा, थोड्याच पानांचं असतं, रूम लिमिट त्यातच लिहिलेलं असतं. रिन्यूअलला आम्ही रूम लिमिट नसलेला प्लॅन मागितलाय, एजंट म्हणतो ‘काका, प्रीमियम वाढेल हं’, अण्णा म्हणाले वाढू दे.